कवटीचा तळ, सात जागांचा कोड

मी पुण्यात मेडिकल कोडर आहे. शिक्षण बीएचएमएस. इंटर्नशिप संपल्यावर सांगलीला दवाखाना टाकायचा की नोकरी धरायची या विचारात होते, तेव्हा वर्गातल्या काही मैत्रिणींनी कोडिंगचा कोर्स केला. त्यांच्या मागोमाग मीही केला आणि इथेच रमले. काम असं असतं: अमेरिकेतल्या एखाद्या रुग्णालयातून रुग्ण घरी गेला की त्याची कागदपत्रं आमच्या स्क्रीनवर येतात. रुग्णवाहिकेतल्या नोंदीपासून डिस्चार्ज समरीपर्यंत सगळी. आम्ही त्याला चार्ट म्हणतो. चार्ट पूर्ण वाचायचा आणि डॉक्टरांनी नोंदवलेल्या प्रत्येक निदानाला आयसीडी-१०-सीएम या आजारांच्या अमेरिकन यादीतला कोड द्यायचा. त्या कोडवर रुग्णालयाचं बिल ठरतं. तोच कोड पुढे अपघातांच्या नोंदवहीत आणि सरकारी आकडेवारीतही जातो.

सुरुवातीला मी इमर्जन्सीचे चार्ट करत होते. पोटदुखी, मुरगळलेले घोटे, ताप. तिथला वेग जमल्यावर मला ट्रॉमाच्या, म्हणजे अपघातात जखमी होऊन भरती झालेल्या रुग्णांच्या गटात घेतलं. तिथे कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरशी गाठ पडली. या एका निदानाने मला माझं काम जितकं नीट शिकवलं तितकं दुसऱ्या कशानेही शिकवलं नाही, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते आहे. रुग्णांची ओळख पटेल असं इथे काही नाही. वय, ठिकाण, कागदांचा क्रम, सगळं बदललेलं आहे.

आधी हाडांबद्दल. कवटीचं वरचं छप्पर आपल्या हाताला लागतं, तळ लागत नाही. मेंदू ज्यावर टेकलेला असतो तो हा तळ. तो सपाट नाही, पुढून मागे उतरत जाणाऱ्या तीन खोलगट भागांचा आहे. कपाळाच्या हाडाचा आडवा भाग, नाकाच्या मुळाशी एथमॉइड, मधोमध पंख पसरलेला स्फिनॉइड, दोन्ही बाजूंना कान पोटात घेऊन बसलेलं टेम्पोरल आणि मागे ऑक्सिपिटल. या हाडांना भोकं आहेत. त्यांतून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात आणि मेंदूकडून चेहऱ्याकडे, डोळ्यांकडे, कानाकडे नसा येतात. मोठं भोक मागे, त्यातून मज्जारज्जू उतरतो. कॉलेजला पहिल्या वर्षी खरी कवटी हातात धरून ही भोकं आम्ही घोकली होती. तळ तडकला की तडा या भोकांतून जाऊ शकतो, कानातून जाऊ शकतो, सायनसमधून जाऊ शकतो. मेंदूभोवतीचं आवरण फाटलं तर आतलं पाणी नाकातून किंवा कानातून येऊ लागतं. म्हणून ‘कवटीला फ्रॅक्चर’ एवढं लिहिणं पुरेसं नसतं. कुठे, हा प्रश्न इथे फार महत्त्वाचा आहे.

कोडची यादी तो प्रश्न विचारते, पण तिच्या पद्धतीने. एस०२ म्हणजे कवटीची आणि चेहऱ्याची फ्रॅक्चर. एस०२.० हे छप्पर, त्यात कपाळाचं आणि पराइटल हाड. एस०२.१ हा तळ. तळाखाली पुन्हा फांद्या आहेत. एस०२.१० म्हणजे तळाचं फ्रॅक्चर, पण नेमकं कोणतं ते सांगितलेलं नाही. एस०२.११ ऑक्सिपिटलसाठी. एस०२.१२ डोळ्याच्या खोबणीच्या छतासाठी. आणि एस०२.१९ मध्ये ‘इतर’: टेम्पोरल, स्फिनॉइड, एथमॉइड सायनस, फ्रंटल सायनस, पुढचा, मधला आणि मागचा खड्डा, हे सगळं त्या एकाच घरात. शेवटी सातव्या जागेवर एक अक्षर हवंच. ए म्हणजे बंद फ्रॅक्चर, उपचार चालू आहेत. बी म्हणजे उघडं फ्रॅक्चर. डी म्हणजे नेहमीसारखं भरून येत असलेलं, जी उशिरा भरणारं, के न जुळलेलं, एस म्हणजे मागे उरलेला परिणाम. एस०२.१९ ला पाचच जागा असल्याने मधली रिकामी जागा एक्सने भरायची आणि मग अक्षर: एस०२.१९एक्सए. तो एक्स विसरला तर कोड अवैध ठरतो आणि बिल परत येतं.

या रचनेत एक गोष्ट आहे जिच्याशी माझं आजही पटत नाही. तळाचं फ्रॅक्चर कोणत्या हाडाचं ते माहीत नसेल तर एस०२.१०१ म्हणजे उजवीकडचं, एस०२.१०२ म्हणजे डावीकडचं, एस०२.१०९ म्हणजे बाजूही माहीत नाही. पण टेम्पोरल हाड मोडलंय हे माहीत असेल तर एस०२.१९, आणि त्यात बाजू सांगायला जागाच नाही. म्हणजे हाड सांगितलं की बाजू जाते, बाजू सांगितली की हाड जातं. टेम्पोरल हाड प्रत्येकाला दोन असतात आणि आतला कानही दोन बाजूंना दोन. तरीही यादीने ही सोय केलेली नाही. नवीन मुलं मला हमखास विचारतात, ‘मॅम, उजवीकडचं टेम्पोरल आहे, मग एस०२.१०१ए लावू का?’ नाही. हाड नोंदवलेलं असताना ‘नेमकं माहीत नाही’ हा कोड लावता येत नाही. बाजू सुटली तरी चालेल, हाड सुटता कामा नये.

आता एक चार्ट.

साठीतले गृहस्थ. पानगळीच्या दिवसांत तिकडे घरांच्या छपराच्या कडेची पन्हळं पानांनी तुंबतात. ती साफ करायला शिडीवर चढले आणि अंगणात पडले. पडताना कोणी पाहिलं नाही. आवाज ऐकून पत्नी बाहेर आली. रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्याने लिहिलं होतं: पत्नीच्या म्हणण्याप्रमाणे साधारण दहा मिनिटं प्रतिसाद नव्हता, आम्ही पोचलो तेव्हा हाक मारल्यावर डोळे उघडतात, बोलणं गोंधळलेलं, सांगितलेलं करतात. ग्लासगो स्कोअर, म्हणजे शुद्धीचं मोजमाप: तीन, चार, सहा, एकूण तेरा. इमर्जन्सीच्या डॉक्टरांची नोंद: उजव्या कानाच्या पडद्यामागे रक्त, कानातून रक्तमिश्रित पाणी. सीटी स्कॅनचा अहवाल: उजव्या टेम्पोरल हाडात लांबीच्या दिशेने तडा, तो स्फिनॉइडपर्यंत गेलेला, उजवीकडे पातळ सबड्युरल, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या आवरणाखालचा, रक्तस्राव. ट्रॉमा सर्जनची नोंद: बेसिलर स्कल फ्रॅक्चर (म्हणजे कवटीच्या तळाचं), सबड्युरल, शुद्ध हरपली होती. दुसऱ्या दिवशीच्या नर्सच्या टिपणात उजव्या कानामागे निळसर डाग. ईएनटीच्या डॉक्टरांनी चेहऱ्याची नस ठीक असल्याचं लिहून कानातलं पाणी बीटा-२ ट्रान्सफरिनच्या तपासणीला पाठवलं. प्रयोगशाळेचा निकाल पॉझिटिव्ह. शस्त्रक्रिया नाही, निरीक्षण, डोकं उंच ठेवून विश्रांती. आणि डिस्चार्ज समरी दोन ओळींची: ‘कवटीचं फ्रॅक्चर, सबड्युरल. प्रकृती स्थिर, घरी सोडलं.’

असे चार्ट मला आवडतात. सगळं त्यात असतं, फक्त एका जागी नसतं.

फ्रॅक्चरपासून सुरुवात केली. सर्जनने ‘बेसिलर’ एवढंच लिहिलं होतं, हाड फक्त रेडिओलॉजिस्टने सांगितलं होतं. भरती रुग्णाच्या बाबतीत नियम असा की रेडिओलॉजीच्या अहवालावरून नवं निदान उचलायचं नाही. निदान उपचार करणाऱ्या डॉक्टरचंच हवं. पण फ्रॅक्चर आहे हे डॉक्टरने एकदा लिहिलं असेल तर नेमकी जागा अहवालातून घेता येते. अमेरिकन हॉस्पिटल असोसिएशनच्या ‘कोडिंग क्लिनिक’ या त्रैमासिकाने २०१३ च्या पहिल्या अंकात हे स्पष्ट केलेलं आहे. म्हणून एस०२.१०९ए वर थांबायचं कारण नव्हतं, एस०२.१९एक्सए पर्यंत जाता आलं. टेम्पोरल आणि स्फिनॉइड ही दोन हाडं, पण दोघांचा कोड एकच, आणि एका भरतीत एक कोड एकदाच लिहायचा. दोन हाडांचा तडा कागदावर एक झाला. तडा वर पराइटल हाडात गेला असता तर छपराचा एस०२.०एक्सएक्सए वेगळा द्यावा लागला असता.

मग खुणा. कानामागचा तो डाग म्हणजे बॅटल साइन, विल्यम हेन्री बॅटल या इंग्रज सर्जनच्या नावाची. तो लगेच दिसत नाही, साधारण दिवस-दोन दिवसांनी उमटतो. म्हणूनच तो इमर्जन्सीच्या नोंदीत नव्हता आणि नर्सच्या टिपणात होता. नवा कोडर अशा वेळी कानामागच्या मुका माराचा वेगळा कोड देऊन बसतो. पण जी खूण त्या आजाराचाच भाग असते तिला वेगळा कोड द्यायचा नाही, हे मार्गदर्शक सूचनांतच आहे. डाग आणि पडद्यामागचं रक्त ही फ्रॅक्चरचीच भाषा आहे. त्यांनी मला खात्री दिली, कोड दिला नाही.

कानातल्या पाण्याचं तसं नाही. तळाच्या प्रत्येक फ्रॅक्चरमध्ये मेंदूभोवतालचं पाणी गळत नाही. गळलं तर आवरण फाटलंय, जंतू आत जाण्याची वाट उघडी आहे, मेनिंजायटिसची भीती आहे. त्यासाठी स्वतंत्र कोड आहे, जी९६.०८, जो १ ऑक्टोबर २०२० पासून आला. बीटा-२ ट्रान्सफरिन हे प्रथिन मेंदूभोवतालच्या पाण्यात असतं, अश्रूंमध्ये किंवा नाकाच्या साध्या स्रावात सहसा सापडत नाही. निकाल पॉझिटिव्ह होता. मला कळत होतं हे काय आहे. पण एकाही डॉक्टरने ‘सीएसएफ गळती’, म्हणजे मेंदूभोवतालच्या पाण्याची गळती, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. ‘पाणी’, ‘स्राव’, ‘तपासणीला पाठवलं’, एवढंच.

इथे आमच्या ट्रेनर सरांचं एक वाक्य मला कायम आठवतं. प्रशिक्षणात मी असाच एक प्रयोगशाळेचा निकाल दाखवून निदान किती उघड आहे ते समजावत होते. सर शांतपणे म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही बरोबर असाल. पण हे तुम्ही ठरवलंत. डॉक्टरांनी कुठे लिहिलंय ते दाखवा.’ वैद्यकीय शिक्षण घेऊन या कामात येणाऱ्या प्रत्येकाला, बीएएमएस असो, बीएचएमएस असो, फिजिओथेरपी असो, हे पचवायला वेळ लागतो. ज्ञान लागतंच. त्याशिवाय बीटा-२ ट्रान्सफरिन हा शब्द दिसूनही डोळा पुढे सरकेल. पण त्या ज्ञानाने प्रश्न विचारायचा असतो, उत्तर द्यायचं नसतं.

प्रश्न विचारायची रीतसर वाट म्हणजे क्वेरी. ती रुग्णालयाच्या कोडिंग विभागामार्फत डॉक्टरकडे जाते. तिचेही नियम आहेत. आहिमा आणि एक्डिस या तिथल्या दोन संस्थांनी मिळून ते मांडले आहेत, २०२२ मध्ये सुधारलेही. चार्टमधले पुरावे जसेच्या तसे मांडायचे, पर्याय द्यायचे, त्यांत ‘इतर’ आणि ‘सांगता येत नाही’ हे असायलाच हवेत. उत्तर सुचवायचं नाही. कोणत्या उत्तराने बिल वाढेल किंवा कमी होईल याचा उल्लेखही करायचा नाही. मला हा शेवटचा नियम फार महत्त्वाचा वाटतो. पैशाचा वास लागलेला प्रश्न डॉक्टरच्या उत्तराचा कस घालवतो.

या चार्टमध्ये मला तीन गोष्टी विचारायच्या होत्या. पहिली, पाण्याची. दुसरी, बेशुद्धीची.

सबड्युरलचा कोड एस०६.५, आणि त्यात सहाव्या जागेवर शुद्ध किती वेळ हरपली ते लागतं. शुद्ध हरपलीच नाही, तीस मिनिटांपर्यंत, एकतीस ते एकोणसाठ मिनिटं, एक तास ते सहा तासांच्या आत, सहा ते चोवीस तास, त्याहून जास्त. त्याहून जास्त असेल तर पूर्वीच्या पातळीवर आला की नाही. शुद्धीवर येण्याआधी मृत्यू झाला तर तो मेंदूच्या दुखापतीने की दुसऱ्या कारणाने. आणि शुद्ध हरपली पण किती वेळ ते नोंदवलेलं नाही. १ ऑक्टोबर २०२२ पासून आणखी एक घर आलं: शुद्ध हरपली होती की नव्हती हेच माहीत नाही. ट्रॉमात याची फार गरज होती, कारण एकटा पडलेला माणूस सापडतो तेव्हा हे खरंच कोणाला माहीत नसतं. बिलाचे गट करतानाही एका तासाच्या आत की पलीकडे यावर वेगळे गट पडतात. एका अक्षरात इतकं साठलेलं असतं.

सर्जनने लिहिलं होतं ‘शुद्ध हरपली होती’. किती वेळ, नाही. दहा मिनिटं हा आकडा होता तो रुग्णवाहिकेच्या कागदावर. काही गोष्टी डॉक्टर नसलेल्या कर्मचाऱ्यांच्या नोंदीवरून घेता येतात: ग्लासगो स्कोअर, बेडसोअरची पायरी, बीएमआय, शरीराची बाजू. त्या यादीत बेशुद्धीचा कालावधी नाही. म्हणून एकाच कागदावरच्या दोन ओळींपैकी ग्लासगो स्कोअर मी सरळ घेऊ शकत होते, डोळ्यांचा, बोलण्याचा आणि हालचालींचा असे तीन वेगळे कोड, शेवटी १, म्हणजे ‘घटनास्थळी’. आणि त्याच माणसाने त्याच पेनाने लिहिलेली दहा मिनिटं घेता येत नव्हती. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला अन्यायच वाटला. आता पटतं. स्कोअर हे मोजमाप आहे, जो तिथे होता त्यानेच घेतलेलं. दहा मिनिटं हे घाबरलेल्या पत्नीने सांगितलेलं आहे. त्याचं वजन किती धरायचं हे ज्याने रुग्ण तपासला त्याने ठरवावं.

तिसरी गोष्ट वादाची. आमच्या गटातल्या एका अनुभवी सहकाऱ्याचं म्हणणं होतं की पाणी बाहेर येतंय म्हणजे आतलं आणि बाहेरचं जग जोडलं गेलंय, म्हणजे फ्रॅक्चर उघडं आहे, सातवं अक्षर बी. न्यूरोसर्जरीच्या पुस्तकांतही अशा फ्रॅक्चरला कंपाउंड मानण्याचा विचार सापडतो, तेव्हा त्याचं म्हणणं हवेतलं नव्हतं. आम्ही दोघं त्यावर बराच वेळ बोललो. पण यादीत एस०२ खालीच लिहिलेलं आहे: उघडं की बंद ते नोंदवलेलं नसेल तर बंद धरा. पाण्यावरून ‘उघडं’ ठरवणं म्हणजे पुन्हा आपणच निदान करणं. तो म्हणाला, ‘अगं, पण मग खरं काय ते कागदावर येणारच नाही.’ त्याची ही तळमळ मला मनापासून पटते. म्हणून तिसरा प्रश्न क्वेरीत घातला.

उत्तरं आली. पाणी: अपघातामुळे झालेली सीएसएफ गळती, तपासणीने सिद्ध, आपोआप थांबली. बेशुद्धी: सुमारे दहा मिनिटं. उघडं की बंद: सांगता येत नाही.

त्यामुळे पहिल्या जागी सबड्युरल, एस०६.५एक्स१ए. कवटी मोडलेली आणि आत रक्तस्राव असेल तर दोन्ही कोड द्यायला यादी सांगते, पण क्रम सांगत नाही. क्रम दुखापतीच्या गांभीर्यावर आणि उपचारांचा भर कशावर होता त्यावर ठरतो. इथे पुन्हा पुन्हा सीटी, तासातासाला तपासणी, सगळं रक्तस्रावासाठी होतं. मग एस०२.१९एक्सए, बंद. जी९६.०८. ग्लासगोचे तीन. शिडीवरून पडण्याचा डब्ल्यू११.एक्सएक्सएक्सए. घराच्या अंगणाचा वाय९२.०१७. घराबाहेरच्या देखभालीचं काम करत होते म्हणून वाय९३.एच९. नोकरीचा भाग नव्हता म्हणून वाय९९.८. काही जणांना हे शेवटचे कोड वेळखाऊ वाटतात. मला नाही वाटत. कोणत्या वयाची माणसं कोणत्या हंगामात कशावरून पडतात हे याच कोडांतून कळतं, बाकी कशातून कळणार?

हा चार्ट चांगला, कारण विचारायला माणूस होता. सगळे तसे नसतात. लहान गावातल्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत रुग्ण येतो, डॉक्टर ‘बहुतेक बेसिलर फ्रॅक्चर’ लिहितात आणि मोठ्या ट्रॉमा सेंटरला हलवतात. इमर्जन्सीतून परस्पर हलवलेला रुग्ण बाह्यरुग्ण धरला जातो, आणि बाह्यरुग्णाला ‘बहुतेक’, ‘शक्यता’, ‘संशय’ यांवर कोड देता येत नाही. जे दिसलं तेवढंच द्यायचं: डोक्याला दुखापत, कानातून रक्त. तोच रुग्ण भरती असता आणि डिस्चार्जच्या वेळीही ‘बहुतेक’च लिहिलेलं असतं, तर ते असल्यासारखं धरून कोड दिला गेला असता. शब्द तेच, रुग्ण तोच, पण दोन रुग्णालयांच्या नोंदींत दोन वेगळी चित्रं. आकडेवारी वाचणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी असं मला फार वाटतं.

ऑक्सिपिटल कॉन्डाइलचं फ्रॅक्चर हा माझ्यासाठी सगळ्यात कसोटीचा भाग. कवटी मानेच्या पहिल्या मणक्यावर ज्या दोन उंचवट्यांवर टेकते ते हे कॉन्डाइल. अँडरसन आणि माँटेसानो यांनी १९८८ मध्ये त्यांच्या फ्रॅक्चरचे तीन प्रकार मांडले: वरून दाब येऊन चुरा झालेलं, तळाचा तडा कॉन्डाइलपर्यंत आलेलं आणि अस्थिबंधाने ओढून तुकडा सुटलेलं. तिसऱ्या प्रकारात मान अस्थिर असू शकते, म्हणून प्रकाराला महत्त्व. आयसीडी-१०-सीएमने ते तीन प्रकार तसेच घेतले आणि पुढे बाजूही जोडली. एस०२.११ मध्ये आकडे पुरेनात तेव्हा सहाव्या जागेवर अक्षरं आली: प्रकार एक उजवा ए, डावा बी, असं एचपर्यंत. आणि रेडिओलॉजिस्ट लिहितो काय? ‘डाव्या कॉन्डाइलचा लहान तुकडा सुटलेला, किंचित सरकलेला.’ वर्णन तिसऱ्या प्रकाराचं आहे. मला दिसतंय. पण प्रकार लिहिलेला नाही, म्हणून डॉक्टरचं उत्तर येईपर्यंत एस०२.११३ए, ‘प्रकार नोंदवलेला नाही’. उत्तर आलंच नाही तर तोच कायम. अशा वेळी मी क्वेरी लिहिताना वर्णनातला प्रत्येक शब्द जपून उतरवते. माझ्या हातात तेवढंच असतं आणि तेवढं चोख करायचं असतं.

आमच्या टीम लीड मॅम आयसीडी-९ च्या, म्हणजे याआधीच्या यादीच्या, काळापासून काम करतात. तेव्हा तळाचं फ्रॅक्चर म्हणजे ८०१. रक्तस्राव आणि बेशुद्धीही त्याच एका कोडमध्ये बसवलेली असे. ८०१.२२ म्हटलं की तळाचं बंद फ्रॅक्चर, सबअ‍ॅरॅक्नॉइड, सबड्युरल किंवा एक्स्ट्राड्युरल रक्तस्राव, तासाभराच्या आतली बेशुद्धी, असं सगळं एकत्र. कोणतं हाड आणि या तिघांपैकी कोणता रक्तस्राव, हे कळायचं नाही. १ ऑक्टोबर २०१५ ला अमेरिकेने आयसीडी-१० घेतलं आणि हाड आणि मेंदू वेगळे झाले. मग २०१६ च्या ऑक्टोबरात उजवं-डावं आलं, २०१९ च्या ऑक्टोबरात डोळ्याच्या खोबणीच्या छताला ‘इतर’मधून काढून स्वतःचं घर मिळालं. टेम्पोरललाही कधीतरी मिळेल अशी मी वाट पाहते. दर सप्टेंबरला नवी यादी हातात आली की मी आधी एस०२ चं पान उघडते.

आणि मग घरच्या कागदांकडे लक्ष जातं. गावाकडे कोणी दुचाकीवरून पडून भरती झालं की डिस्चार्ज कार्ड माझ्याकडे येतं, ‘बघ बरं काय लिहिलंय’ म्हणून. त्यावर असतं ‘आरटीए विथ हेड इंज्युरी’, म्हणजे रस्त्यावरचा अपघात आणि डोक्याला इजा, खाली गोळ्या. एका मुलाच्या कार्डावर तेवढंच होतं, आणि पिशवीतल्या सीटीच्या अहवालात टेम्पोरल हाडाचा तडा आणि मधल्या कानात रक्त. कानाच्या डॉक्टरांना दाखवा असं कार्डावर कुठेही नव्हतं. मी त्याच्या आईला सांगितलं, ‘काकू, हा अहवाल वेगळा ठेवा, आणि कानाच्या डॉक्टरांकडे जाताना कार्ड नाही, हा द्या.’ आपल्याकडे जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-१० वापरतात. तिच्यात तळाचं फ्रॅक्चर एस०२.१ वरच थांबतं, पुढे उघडं की बंद एवढीच सोय. तेही वाईट नाही. पण कार्डावर ‘हेड इंज्युरी’च असेल तर तिथपर्यंतही पोचता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ने हेल्मेट सक्तीचं आहे. हेल्मेट न घातल्याने नेमकं काय मोडतं हे जिल्ह्याजिल्ह्यांतून कळायचं असेल तर कार्डावर हाडाचं नाव लागेल. डिस्चार्ज कार्ड लिहिणाऱ्या तरुण डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे: सीटीतली ती एक ओळ कार्डावर उतरवा. अर्धं मिनिट लागतं.

त्या ओळीचं पुढे काय होतं ते बाह्यरुग्ण विभागाच्या चार्टमध्ये दिसतं. सातव्या जागेवरच्या ए बद्दल नव्या कोडरचा एक समज असतो की तो पहिल्या भेटीपुरता. तसं नाही. फ्रॅक्चरवर उपचार चालू असेपर्यंत ए, मग डॉक्टर कितीही बदलोत. भरून येण्याच्या काळातल्या तपासण्यांना डी. आणि हाड भरल्यावर मागे काही उरलं तर एस, ज्याला काळाची मर्यादा नाही.

मागे असा एक चार्ट आला होता. बाईंचं टेम्पोरल हाड फार पूर्वी मोडलेलं, तडा लांबीचा. लांबीच्या तड्यात ऐकण्याची नस वाचण्याची शक्यता जास्त, पण मधल्या कानातली नाजूक हाडं निसटू शकतात. त्यांच्या उजव्या कानाला कमी ऐकू येत होतं. ईएनटीच्या डॉक्टरांनी नीट लिहिलं होतं: उजव्या कानाचा वाहक बहिरेपणा, डावा कान सामान्य, पूर्वीच्या टेम्पोरल फ्रॅक्चरचा परिणाम. विचारायला काही उरलंच नव्हतं. नियमाप्रमाणे आधी आजचा त्रास, एच९०.११, मग त्याचं मूळ, एस०२.१९एक्सएस. फ्रॅक्चरच्या कोडला बाजू सांगता येत नव्हती, पण कानाच्या कोडने ‘उजवा’ सांगितलं. चार्ट पूर्ण करून मी पुढचा उघडला. त्यात डाव्या चेहऱ्याची नस दुखावलेली होती, आणि फ्रॅक्चर कोणत्या हाडाचं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.